नववीचं रोप

...अजून सील न तोडलेली. बोटानं दाबली की जरा आत जाते, सोडली की परत तशीच फुगीर — आत्याच्या उशाशी ठेवलेली ती सलाइनची प्लास्टिकची बाटली रोहिणी किती वेळ दाबून बघत होती. वर टांगलेली काचेची होती, जुन्या साठ्यातली. ती काही उपयोगाची नाही. पण ही! ही लागली, रिकामी झाली, की दवाखान्यातल्या जिनतसिस्टर नळी-सुई वेगळी टाकून बाटली तेवढी धुऊन देतील, बुचाला भोक पाडायचं, वात ओवायची, आणि मग नववीचं रोप... जगेलच.

शाळेच्या कुंपणाशी रोपं लागली तीच मुळी तिच्या भाषणानंतर. स्टेजवर आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता! दवाखान्यामागच्या खड्ड्यात प्लास्टिक जळायचं आणि त्याचा काळा वास थेट प्रार्थनेच्या रांगेत यायचा, म्हणून तीच धीटपणे सिस्टरांकडे गेली होती — जाळण्यापेक्षा मला द्या, झाडांना थेंब थेंब पाणी देऊ. सगळ्या वर्गांना बाटल्या मिळाल्या. ‘आमच्या नववीचं शेवटी,’ असं तिनंच मोठेपणानं सांगितलं होतं ना... आता एप्रिलच्या उन्हात नववीच्याच रोपानं मान टाकली होती, आणि पोरं म्हणत होती, “आली भाषणवाली!”

सिस्टर आल्या. आत्याच्या हातातली सुई काढून कापूस दाबला. “झालं शिवम्माबाई. उलट्या थांबल्या. आता तोंडानं प्यायचं.” आणि उशाची बाटली उचलली.

“आता ही का म्हून नेताय?” राजेश्वरमामा — आत्याचे यजमान — स्टुलावरून उठलेच. “लावा की. ताकद येईल.”

“मामा, ह्यात मीठपाणीच हाय. पोटात पाणी टिकतंय, मग उगा टोचू कशाला? पूर्वी काचेच्या सिरिंजी उकळून परत वापरायचो. आता वापरा अन् जाळा. निदान लागंल तेवढंच तरी वापरू.”

“वा! आमच्या दिंद्रुड गावात लोक म्हणतील, दवाखान्यात नेली अन् पाणी पाजून आणली. पाणी काय आमच्या घरी न्हवतं?” मामा रोहिणीकडे वळले. “रोहे, तू शाळेत लई भाषणं ठोकतीस म्हणं. तूच सांग सिस्टरला. तू म्हणशील तसं.”

सिस्टरही बघू लागल्या. किंचित हसत. ही ‘नको’च म्हणणार, अशा खात्रीनं.

लावा — शब्द जिभेवर आलाच होता. काय बिघडतंय? विष थोडंच आहे, मीठपाणी तर आहे, एक तर टोचणं... शीर सापडेना म्हणून पुन्हा पुन्हा टोचलेला, निळा पडलेला हात आत्यानं हळूच पदराखाली ओढून घेतला.

आणि रोहिणीनं ते बघितलं. मी — जिनं कचरा कमी व्हावा म्हणून बाटल्या मागितल्या, ती मी — आत्याच्या अंगात एक बाटली रिकामी व्हायची वाट बघत होते. परवा शेजारच्या खाटेवर कण्हत नवी बाई आली, तेव्हासुद्धा मला... बरं वाटलं होतं. बरं!

“नको, मामा.”

आवाज अगदी बारीक निघाला. स्टेजवरचा नव्हता तो.

सिस्टर बाटली कपाटात ठेवायला गेल्या. मामा पुटपुटत तांब्यातलं मीठ-साखरेचं पाणी पेल्यात ओतू लागले. आत्यानं तोच सुजका हात बाहेर काढला आणि रोहिणीच्या गालावर ठेवला.

“बघा. माझ्या भाचीला कळतंय, मला किती दुखतंय ते. लई गुणाची हाय.”

गाल बाजूला घ्यावासा वाटला. घेता येईना. हात गरम होता, जड होता... सांगून टाकावं का? पण काय सांगणार — नको तर म्हणालेच की मी! मग कोणासाठी म्हणाले? आत्यासाठी, की सिस्टर बघत होत्या म्हणून...

तिनं पेला आत्याच्या ओठांना लावला. आत्या डोळे मिटून, विश्वासानं, घोट घोट पीत राहिली. आणि रोहिणीला पहिल्यांदाच आपल्या त्या स्टेजवरच्या, न अडखळणाऱ्या आवाजाची थोडी भीती वाटू लागली होती.