टेलचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, देवळाली प्रवराच्या शाळेतला. आज अडगळीत नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी बसलोय, पण माझी किंमत मला ठाऊक आहे. १९९८ साली मी आलो तेव्हा नारळ फुटला, हार पडला आणि लगेच अंगावर कापडी झाकण आलं. विज्ञानाच्या गोरक्षनाथ सरांनी ते काढून फोनची तार जोडली, म्हणून माझ्या जन्माचं सार्थक झालं.

नववीतली अश्विनी राहुरी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लाकडी फळ्यावर विजेचा प्रयोग मांडत होती. सेलला जोडलेल्या एकाच तारेत एकापुढे एक दोन बल्ब, खाली चिठ्ठी : 'पहिला दिवा वीज खातो, म्हणून दुसरा मंद.' तिचं शेत पाटाच्या टेलला, पार शेवटच्या टोकाला. वरच्यांचं भिजून झालं की हिच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी. तिला तारही पाटासारखीच वाटली, यात नवल ते काय? पण प्रदर्शन परवावर आलं होतं. ती चिठ्ठी घेऊन गेली असती तर राहुरीत पोरीचं हसं झालं असतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी माझ्यावर इंटरनेटवरचा एक धडा उघडला. फोनची लाइन तीनदा तुटली, चित्र गोगलगायीच्या चालीनं उतरलं. धडा इंग्रजी, सर मराठीत सांगत होते. कोणता दिवा मंद, असं धड्यानं आधी विचारलं. अश्विनीनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. मी पडद्यावर दोन्ही सारखेच पेटवून दाखवले.

"सर, ह्यो खोटं दाखवतोय. टेलला कदी पुरतं व्हय?" असं म्हणून तिनं खरा फळा पेटवला. दुसरा बल्ब खरंच मंद! माझी पाचावर धारण बसली. पण धड्याचा पुढचा प्रश्न माझ्या पोटात तयार होता : बल्बांच्या जागा बदलल्या तर?

तिनं बदलल्या. आता पहिला मंद आणि टेलचा लख्ख.

"म्हंजी खोट त्या बल्बातच हुती," ती हळूच म्हणाली. "टेलची न्हाई."

प्रदर्शनात तिनं अगदी एकसारखे, जोडीचे बल्ब लावले आणि नवी चिठ्ठी डकवली : 'टेललाही तेवढीच वीज.' तिचे वडील आप्पासाहेब ती दोनदा वाचून म्हणाले, "पाटाचं बी आसंच करता येतं का बघ, पोरी." सरांनी ते मला येऊन सांगितलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या यंत्राची धूळ पुसा, झाकण काढा, पण ते सांगेल त्याला नुसती मान डोलवू नका. हार आम्हाला पुष्कळ मिळाले. अश्विनीसारखं भांडायला कुणी आलं, तरच आमचा उपयोग.