मान्य असेल त्याने गप्प बसावं

कुमारघोषासारखा तर्कपंडित मगधात दुसरा नाही, आणि त्याच्यासोबत एका खोलीत राहण्यासारखी शिक्षाही दुसरी नाही. हा माणूस झोपेतसुद्धा वाद घालतो. एकटाच घालत बसला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मला हलवून उठवतो आणि वर म्हणतो, "आता दे उत्तर."

आमच्या विहारात तळ्याकडे खिडकी असलेली, एकट्याची अशी एकच खोली आहे. यंदा वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळी मुक्कामाच्या, तोंडावर ती रिकामी झाली. खोल्या ज्येष्ठतेने मिळतात, म्हणजे दीक्षेनंतर ज्याचे वर्षावास जास्त त्याला आधी, आणि उरलेल्यांत ज्येष्ठ मीच. मी चटई काखेत मारूनच सभेला गेलो.

नेमका तेव्हाच सिल्ला देशाचा एक प्रवासी भिक्षू दारात हजर. नाव दोह्वान. समुद्र ओलांडून शिकायला आलेला, टाचांना भेगा, पण चेहरा हसरा. स्थविरांनी विचारलं, "आयुष्मान, वर्षावास किती झाले?"

माझ्याइतकेच निघाले. महिना तोच, दिवसही तोच, काय नशीब म्हणायचं माझं. अशा वेळी आमच्यात दीक्षेच्या घटकेला सावली किती लांब पडली होती ते विचारतात, म्हणजे आधी कोण ते कळतं; ज्याची त्याला ती पाठ असते. याची दीक्षा सकाळची. माझी तिन्हीसांजेची, कारण डोकं भादरायला न्हावीच उशिरा उगवला होता.

"खोली याची," स्थविर म्हणाले. त्या न्हाव्याला मी मनात काय काय बोललो ते भिक्षूने सांगू नये.

पण दोह्वानने हात जोडले. "भंते, मला खिडकी नको. मी कुमारघोषांचं नाव ऐकून आलोय. त्यांच्या खोलीत जागा मिळाली तर बघा."

"ते झोपेतही वाद घालतात," कुणीतरी सांगून टाकलं.

"बरंच झालं की. रात्रही फुकट जायची नाही."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आता फक्त संघाची संमती हवी होती. स्थविर उभे राहिले. "खिडकीची खोली विशाखमित्राला द्यावी," म्हणजे मला. "मान्य असेल त्याने गप्प बसावं, नसेल त्याने बोलावं." असं तीनदा विचारायची रीत आहे. पहिल्यांदा सगळे गप्प. दुसऱ्यांदाही गप्प. कुमारघोषसुद्धा गप्प, म्हणजे बघा. तिसऱ्यांदा मला आनंदाने राहवेना.

"मान्य आहे, भंते, अगदी मान्य आहे," मी म्हणालो.

स्थविरांनी डोळे मिटून घेतले. "विशाखमित्र बोलला. ठराव पडला."

"अहो, पण मी हो म्हणालो."

"म्हणजे बोललासच की," कुमारघोष म्हणाला. त्याच्यापुढे तर्कात कोण टिकणार?

दोह्वान रडवेल्या तोंडाने खिडकीच्या खोलीत गेला. मी चटई घेऊन जुन्या खोलीत परतलो. पाहतो तर कुमारघोषाने माझी जागा झाडून ठेवलेली, प्यायचं पाणीही गाळून भरलेलं.

"विशाखा, खरं सांगू? तू गेला असतास तर मला करमलं नसतं," तो म्हणाला. "राहशील ना आता इथेच, कायमचा?"

मी रागाने नुसता धुमसत होतो. ठरवलं, या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही.

त्याने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा गप्प बसलो.