गोदूबाईची अर्धी वीण

मित्रांनो, मी मासे धरायचे जाळे आहे. नायलॉनचे आहे, रंग उडालेले आहे आणि आता कोकणातल्या बुरोंडी गावच्या एका पडवीत खुंटीला टांगलेले आहे. माझ्यात एक भोक आहे. त्या भोकाने एका कॉलेजचा फुटबॉलचा सामना घालवला. लोक मला दोष देतात, पण मला तोंड नाही. तरी आज तुम्हाला माझ्या परीने माझी बाजू सांगते आहे.

मला गोदूबाईने विणले. तिचा नवरा महिपत मला होडीतून समुद्रावर न्यायचा. मी खडकात अडकायचे, फाटायचे. परत आले की गोदूबाई मला पडवीत पसरायची आणि सुई घेऊन बसायची. महिपतलाही विणता यायचे, पण त्याच्या गाठी सैल पडायच्या. "तुझ्या गाठीतून बांगडापण हसत जाईल," असे ती म्हणायची आणि त्याच्या हातातून सुई काढून घ्यायची. किनाऱ्यावर माझे कौतुक व्हायचे. गोदूबाईचे जाळे म्हटले की लोक हात लावून बघायचे.

मागच्या वर्षी मी खडकावर फार मोठे फाटले. गोदूबाई शिवायला बसली. अर्धे भोक भरून झाले आणि तिने सुई माझ्यातच अडकवली. "चहा टाकते, आलेच," म्हणाली आणि उठली. ती चुलीपाशी पडली. पुन्हा पडवीत आली नाही.

महिपतने होडी विकली. मला विकले नाही. सुई जिथे होती तिथेच ठेवली आणि भोकही तसेच ठेवले. शेजारची माणसे म्हणाली, आम्ही शिवून देतो. त्याने कोणालाही हात लावू दिला नाही. मी वाळत राहिले. माझ्यावर धूळ बसली. मला ओले व्हायचे होते, ओझे उचलायचे होते. ते कोणाला सांगणार?

मग एक दिवस शमिका आली. आमच्या किनाऱ्यावर नवे कॉलेज निघाले आहे, तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाची ती कप्तान. खेडच्या कॉलेजच्या मुली चषकासाठी खेळायला येणार होत्या. दोन्ही संघ एकमेकांसमोर कधीच उभे राहिले नव्हते. सड्यावरचे, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरचे, मैदान साफ झाले होते, सुरूचे खांब पुरले होते. खेडवाल्या एका गोलची जाळी घेऊन येणार होत्या. दुसऱ्या गोलला लावायला काही नव्हते.

"काका, तुमचं जाळं द्याल?" शमिकाने विचारले.

महिपतने मला खुंटीवरून खाली काढले. मग म्हणाला, "न्या."

मला इतका आनंद झाला! शमिकाने मला अंगणात उलगडले आणि तिला भोक दिसले.

"ओ काका, हे केवढं फाटलंय! थांबा, मी घालते गाठी. आमच्याकडे सगळ्यांना येतं."

"त्याला हात लावायचा नाही."

"अहो, बॉल जाईल ना त्यातून."

"एवढ्या मोठ्या जाळ्यात बॉल तिथंच बरा जाईल! न्यायचं तर असंच न्या. नाहीतर ठेवा खाली."

शमिकाने वाद घातला नाही. मोठ्या माणसाचे दुःख आहे, असे तिला वाटले असेल. तिने सुई तेवढी दोऱ्याने घट्ट बांधली, कोणाला लागू नये म्हणून. मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटत होते. शिव गो मला, त्याचे ऐकू नकोस!

सामन्याला सगळा गाव सड्यावर आला. खेडहून टेम्पो भरून पोरीपोरे आली. आमच्या पोरांनी खेडच्या जगबुडी नदीतल्या मगरींवरून त्यांना चिडवायला सुरुवात केली. "मगरी आल्या, मगरी!"

"सुकटी आल्या, सुकटी! वास येतोय!" आमच्या सुक्या मासळीवरून तिकडून उत्तर आले.

महिपतही आला. बाजूच्या दगडावर बसला. सगळे बॉलकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या अर्धात बाजू बदलल्या आणि माझा गोल खेडच्या मुलींकडे आला. दोन्हीकडे एकही गोल नव्हता. सामना संपत आला आणि शमिका उजवीकडून सुटली. दोघींना चकवून तिने जोरात बॉल मारला. तो आडव्या खांबाखालून आत आला आणि थेट त्या भोकातून बाहेर गेला. मला साधा धक्काही लागला नाही. बॉल मागच्या करवंदीच्या झुडपात जाऊन पडला.

पंच लांब होते. धावत आले आणि बघतात तर जाळे हललेले नाही, बॉल बाहेर. त्यांनी गोल दिला नाही.

"सर, आतून गेला! हे बघा भोक!" शमिका रडकुंडीला आली होती.

पंचांनी खेडच्या गोलकीपरला विचारले, "वैष्णवी, काय झालं?"

"सर, मी डोळेच मिटले होते," वैष्णवी म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. मीच तिच्या सर्वांत जवळ होते.

आमच्या मुली अजून भांडत होत्या, तेवढ्यात कोणीतरी झुडपातून बॉल आणून दिला आणि पंचांची शिट्टी होताच वैष्णवीने तो लांब मारला. खेडच्या मुलींनी तिकडे जाऊन गोल केला. चषक टेम्पोत बसून खेडला गेला.

मैदान रिकामे झाल्यावर महिपत मला सोडायला आला. शमिका तिथेच उभी होती.

"झालं समाधान, काका?"

"तो तिचा शेवटचा हात आहे गो, पोरी."

"मग काकीने सुई कशाला अडकवून ठेवली? परत येऊन पुरं करायचं होतं म्हणूनच ना? अर्धं ठेवायचं असतं तर सुई घेऊन उठली नसती?"

महिपतने खांबावरच्या गाठी सोडल्या. मला गुंडाळले, खांद्यावर घेतले आणि घरी आणून त्याच खुंटीला टांगले.

आता खेडच्या मुली पुन्हा खेळायला येणार आहेत. शमिका रस्त्याने जाताना महिपतने तिला विचारले, "जाळं नको काय गो?"

"नको काका. आम्ही दुसरं बघतो."

"बघा," तो म्हणाला आणि आत आला. त्या संध्याकाळी त्याने माझ्या भोकाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. "तू असतीस तर मला शिव्या घातल्या असत्यास," असे हळूच म्हणाला. मी वाट बघत होते, आता सुई घेईल. त्याने घेतली नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू नुसती टांगून ठेवली म्हणजे जपली, असे होत नाही. ती वापरा. फाटली तर शिवा. गाठी सैल पडल्या तरी चालतील. आणि तुमच्या ओळखीत असे एखादे माणूस असेल, तर त्याने एकदा नाही म्हटले म्हणून गप्प बसू नका. त्याला पुन्हा विचारा. शिवते म्हणून शमिकाने एकदाच विचारले. तिला कोणीतरी सांगा, सामन्याच्या आधी अजून एकदा ये. महिपत नाही म्हणाला, तर पडवीत बसून राहा.