सूचना क्रमांक सत्तेचाळीसची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी धोक्याची सूचना आहे. माणसाला संकटातून वाचवण्यासाठीच माझा जन्म झाला. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं मला कोणी वाचलंच नाही, कारण मी इंग्रजीत होते.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमधल्या कॉम्प्युटरात माझं घर. तिथे कापडाच्या तीनशे बारा रंगांच्या कृती साठवलेल्या. चुकीची कळ दाबून कोणी यादी पुसायला निघालं, की मी पडद्यावर येऊन वाजत असे. रंग तोलणारे निंबाभाऊ त्याआधी बारा वर्षं लिंबायतला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत होते. लूमच्या खडखडाटाने त्यांचा एक कान कायमचा ठेवून घेतला होता. एके दिवशी मी वाजले, त्यांनी पुढची कळ दाबली आणि सगळे निळे रंग गेले.

"वाजत होतं तरी दाबलंत?" माझा प्रोग्राम लिहिणाऱ्या जयश्रीताईंनी विचारलं.

"ताई, लूम चालू ऱ्हास तवय वाजस. गप व्हयना का समजानं, धागा तुटना. हाई वाजनं, माले वाटनं, बेस चालू शे."

मिलच्या रंगमास्तरांनी निळे रंग आठवून पुन्हा भरले. मिलचे शेठ निंबाभाऊंना एवढंच म्हणाले, "अजून एकदा झालं तर परत लूमवर."

ताईंनी मला मराठीत लिहिलं. आवाज काढून टाकला. 'थांबा. रंगांच्या कृती कायमच्या पुसल्या जातील. पुसायच्या? हो / नाही.' पुढच्या चुकीला निंबाभाऊंनी मला बोट लावत वाचलं आणि 'नाही' दाबलं. तो माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला दिवस.

कारण शेठ खूश झाले. "अशी सूचना सगळीकडे घाला."

"रोज थांबवलं तर कोणी थांबणार नाही, शेठ," ताई म्हणाल्या.

"सावध राहिलेलं काय वाईट?"

मग तारीख बदलली की थांबा, कागद छापला की थांबा, चहाला उठलं तरी थांबा. दिवसाला साठ वेळा. निंबाभाऊंचं बोट 'हो' शिकलं. दिवाळीच्या घाईत एका मंगळवारी मी खरीखुरी आले. त्यांचे डोळे तराजूवर होते. बोट 'हो'वर गेलं. अख्खी यादी गेली. माझा मजकूर अगदी स्पष्ट होता.

मित्रांनो, कोणाला थांबवायचंच असेल, तर गरज असेल तेव्हाच थांबवा.

निंबाभाऊ आता लिंबायतला आहेत. तिथे धागा तुटला की लूम थांबतो. विचारत नाही.