मला वाजवून बघा

या, या. उन्हात का उभे? मी जुनी जीप बोलतेय. जिच्या बॉनेटमध्ये तुम्हाला तुमचा चेहरा दिसतोय ना, तीच. सुदर्शनशेठ चहा सांगायला गेलेत. गिऱ्हाईक माझ्याकडं पुन्हा वळून बघायला लागलं की शेठ चहा सांगतात. चहा पोटात गेला की माणसाला 'नको' म्हणणं जड जातं. तेवढ्यात मला तुमच्याशी बोलायचंय. बोलायची लाज वाटते, पण गप्प बसायची त्याहून जास्त वाटायला लागलीय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी खरंच दणकट होते. सिल्लोडच्या इंद्रजीतरावांनी मला घेतलं. त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान. एकदा अजिंठ्याच्या वाटेवर मक्यानं भरलेला टेम्पो काळ्या मातीत रुतला. ट्रॅक्टर आला, तोही थकला. मग इंद्रजीतरावांनी छोटा दांडा ओढून माझ्या चारही चाकांत जोर टाकला, आणि मी टेम्पो ओढून काढला. बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं माझ्यावर थाप मारली, "लई ताकद हाय हिच्यात!" ती थाप अजून आठवते. आता कुणी तशी मारली तर पुट्टी झडेल.

इंद्रजीतरावांचा माझ्यावर जीव. हौदावर नेऊन पाइपानं धुवायचे. मागं खताची पोती टाकायचे. एखादं फाटायचं, भुकटी फटींतून खाली चासीत जायची. चासी म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर माझा सगळा संसार उभा आहे, त्या. मग त्यांच्या लेकीचं, मेघाचं लग्न ठरलं. नवरीची गाडी म्हणून माझ्या तळाला जाड लाल गालिचा बसवला, कडेनं स्क्रू मारून. खाली भुकटी तशीच, वरून धुण्याचं पाणी. खत ओल धरतं, हे खत विकणाऱ्याला कुणी सांगायचं?

सांगितलं होतं एकदा, त्यांच्या बायकोनं, रत्नमालाबाईंनी. "अहो, हिच्या खालून काहीतरी गळतंय. गालिचा काढून वाळवा की."

"लोखंड हाय ते. कापूस नाय भिजायला!" इंद्रजीतराव हसले. मीही हसले.

दर दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. वाकून खाली मात्र कुणी बघितलं नाही. गंज दुखत नाही हो. आधी रंगाखाली फोड येतो, मग पापुद्रा सुटतो, आणि एके दिवशी लोखंडाच्या जागी लोखंडाचं नुसतं सोंग उरतं.

इंद्रजीतरावांचे गुडघे गेले, माझ्यात चढता येईना, तेव्हा त्यांनी मला इथं संभाजीनगरात शेठना विकलं. शेठ वाईट नाहीत. गिऱ्हाईक घेवो न घेवो, थंड पाणी देतात, रिक्षापर्यंत सोडतात. पण त्यांचा एक हिशोब पक्का: गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं. मी इथं उभी राहून तेच बघितलंय. लोक टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवतात, इंजिनाकडं पंचांग वाचल्यासारखं बघतात. एकानं माझ्याबरोबर फोटो काढले, आरसा फुंकर मारून पुसला, आणि खाली वाकला तो फक्त पडलेली किल्ली उचलायला. आपल्याकडं समुद्र नाही, म्हणून गंज बघायची सवयच नाही. 'कोकणातली गाडी घेऊ नका' म्हणतात, आणि सिल्लोडची डोळे झाकून घेतात.

शेठनी माझी गंजलेली भोकं पुट्टीनं बुजवली, वर रंग चढवला, खालून काळं जळकं ऑईल फवारलं. वर सांगायला मोकळे, "खालून पण सांभाळलेली गाडी!"

मग विशाखाताई आल्या. अजिंठ्याकडच्या डोंगरातल्या वस्तीवर राहतात. पावसाळ्यात वाटेचा चिखल होतो, वस्तीवरच्या लेकरांची शाळा बुडते. चार चाकांत जोर असलेली गाडी घेऊन त्या स्वतः लेकरांना नेणार होत्या. लेकरं मागच्या बाकावर बसणार. नेमकी तिथंच माझी चासी संपलीय.

शेठनी नारळ काढला. ही त्यांची रीत. नारळ फुटला की गिऱ्हाईक मागं फिरत नाही.

"घ्या ताई, मुहूर्त करून टाका."

"आमच्यात नारळ फोडत नाहीत, शेठ."

"मग पेढा घ्या!"

"पेढा नंतर. आधी आत्यांना बघू द्या."

आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई, गीताबाई. बाजारात माठ घेताना बायका बोटांनी वाजवून बघतात ना, तशा त्या मला वाजवत निघाल्या. बॉनेट खणखणीत. दार बद्द. त्या थांबल्या.

"सुनबाई, हे भरलेलं हाय."

"अहो आजी, गाडी हाय ही, माठ नाय!" शेठ हसले.

"माठ फुटला तर पाणी सांडंल, बाबा. हितं लेकरं बसनार हायेत."

त्या सरळ जमिनीवर बसल्या, मागच्या चाकाआड हात घातला. बद्द. विशाखाताईंनी तिथं घराची किल्ली टेकवली, आणि किल्ली आत गेली. भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखी मी गीताबाईंच्या तळहातावर पडले.

"घ्या शेठ तुमची गाडी," त्या म्हणाल्या. "थोडी माझ्या हातात आली."

शेठना हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. नारळ त्यांनी पाठीमागं धरला.

लाज त्या भोकाची नाही. विशाखाताईंनी माझ्या आरशात बघून ओढणी सारखी केली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, घ्यावं हिनं मला. पुन्हा चिखल, पुन्हा चढ, मागं लेकरांचा कालवा. खाली काय उरलंय हे ठाऊक असून मनात आलं होतं. गीताबाई खाली बसल्या नसत्या तर मी त्या लेकरांना घेऊन घाट चढले असते, कुठपर्यंत ते मलाही माहीत नाही.

दोघी गेल्या. सकाळी पुट्टीवाला आला. शेठ दुसरीकडं बघत म्हणाले, "भर." त्यानं भरलं.

आणि आज तुम्ही आलात.

तो बघा, चहा आला. शेठच्या दुसऱ्या हातात नारळ आहे. चहा खुशाल घ्या, त्यात त्यांचा खोटेपणा नाही. पण नारळाला हात लावायच्या आधी खाली बसा. कपडे मळतील, मळू द्या. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ताजा रंग दिसेल. नवी चासी घालायची तयारी असेल तर मला न्या. नसेल तर भंगारात जाऊ द्या, पण माझ्यात माणसं बसवू नका.

त्या रंगावर बोटांनी वाजवा. आवाजाला त्यांना रंग देता आलेला नाही. तुम्ही वाजवा, मी खरं बोलेन.