आक्कानं उजळलेला लोलक

मी एक जुना लोलक आहे, मित्रांनो. आता मला कुणी नुसता काचेचा तुकडा म्हटलं, तरी मी राग मानणार नाही. पण एके काळी हुपरीच्या शाळेत माझा मोठा तोरा होता.

कुठल्याशा कारखान्यात मला कापून, घासून आरपार नितळ केलं आणि शहरातल्या शाहूपुरी पेठेतल्या एका दुकानातून कापसात गुंडाळून मी शाळेत आलो. प्रकाशाचा धडा आला की वर्गाच्या खिडक्या बंद व्हायच्या. एका फटीतून उन्हाची तिरीप आत यायची. वर्षाराणी मॅडम मला तिच्यात धरायच्या आणि समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सातही रंग उमटायचे. पांढरा दिसणारा प्रकाश या सगळ्यांचा मिळून झालेला असतो, असं त्या सांगायच्या आणि मुलं ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत वर्ग डोक्यावर घ्यायची. खरं तर रंग उन्हाचेच असत, मी फक्त त्यांना वेगवेगळ्या वाटेला लावायचो. पण शाबासकी मला मिळायची आणि मीही ती खुशाल घ्यायचो.

मग वर्गात मोठा पडदा आला. बटण दाबलं की रंग हजर. माझी रवानगी कपाटात झाली. तिथे कुणीतरी माझ्यावर लोखंडी वजनं टाकली आणि माझ्या एका अंगावर लांब ओरखडा उठला. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

आठवीतल्या अनुजानं मला तिथून बाहेर काढलं. तिची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, सातवीनंतर शाळा सोडून घरच्या चांदीच्या पैंजणांच्या कामाला बसली होती. पुढच्या आठवड्यात लग्न होऊन ती शिरोळला जाणार होती. अनुजानं तिला सात रंगांचं सांगितलं, मोबाईलवर दाखवलंही, पण आक्काला पटेना.

“पांढऱ्यात कुठनं आल्यात रंग? मोबाईलमधलं समदं खरं असतंय व्हय? माझ्या डोळ्यांनी बघितलो, तर मानतो.”

बहीण सासरी जायच्या आत तिला हे दाखवायचंच, असं अनुजानं मनावर घेतलं आणि मॅडमकडून मला रविवारपुरतं मागून आणलं. शनिवारी दुपारी तिनं मला ओरखड्यासकट उन्हात धरून पाहिलं. भिंतीवर सगळे रंग पडले. किती वर्षांनी! मला काय वाटलं म्हणून सांगू! आक्का तेव्हा बांगड्या भरायला गेली होती. उद्या सकाळी दाखवू म्हणून अनुजानं मला फळीवर ठेवलं.

संध्याकाळी आक्काच्या नजरेला मी पडलो. हुपरी हे चांदीकामाचं गाव; इथल्या घरातून वस्तू उजाळा दिल्याशिवाय बाहेर जात नाही, मित्रांनो, ती रीतच आहे. शाळेची वस्तू ओरखड्यासह परत द्यायची, हे आक्काला कसंसंच वाटलं. चांदीवरचा ओरखडा घालवतात तसंच तिनं केलं. पॉलिश कागदानं माझ्या तिन्ही बाजू घासल्या, मग मोटरच्या फिरत्या कापडी चाकावर मला धरलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. ओरखडा गेला, पण अशा घासण्यानं चांदी उजळते आणि काच आंधळी होते. मी दुधासारखा पांढरा झालो. आक्काला ते पांढरेपण फार आवडलं. त्या घरात पांढरं म्हणजे अस्सल, असंच सगळे मानतात.

सकाळी तिनं मला अनुजाच्या हातात दिलं.

“बघ, कसं उजळलंय. आता दाव तुझं रंग.”

अनुजाचा चेहरा उतरला. तरी तिनं मला खिडकीतल्या उन्हात धरलं, फिरवलं, उलटं केलं. भिंतीवर नुसता फिकट डाग पडला.

“कुठं हाईत गं?” आक्का भिंतीजवळ जाऊन शोधू लागली.

अनुजाला खरं सांगता आलं असतं. पण आक्काच्या बोटांना लागलेला पॉलिशचा काळा रंग अजून निघालेला नव्हता.

“आज ऊनच कवळं हाय, आक्का. परत कवातर दावतो.”

“व्हय. म्हायेराला आलो म्हंजे बघू की.”

ती सासरी गेली. मॅडमना सगळं सांगताना अनुजा हुंदके देत होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला तिच्याकडेच राहू दिलं.

परवा आक्का सणाला माहेरी आली. चपला काढता काढताच म्हणाली, “अनुजा, आण की ती काच. आज ऊन बक्कळ हाय.” अनुजा पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आक्का भिंतीकडे तोंड करून वाट पाहत बसली.

मित्रांनो, वस्तू जपायची तर आधी तिचा स्वभाव ओळखा, नाहीतर मायेचा हातही तिला सोसत नाही. आणि प्रकाशाच्या धड्याआधीच शाळा सुटलेली एखादी आक्का तुमच्या घरात असेल, तर तिला आजच उन्हात घेऊन या. उद्यावर टाकू नका. काचेला ओरखडा असला तरी असू दे. ओरखड्यासकटही रंग पडतात, मी पाडले आहेत.