‘जागा’ म्हणजे काय?

मित्रांनो, मी एक जुनं सूचनापत्र आहे; पण मला कपाटात शोधू नका. मी राहतो संगणकात. शेकडो फाइली बाहेरून एकदम संगणकात उतरवून घेणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आहे. ती चालवण्याआधी तिच्यात कुठे काय भरायचं, हे मी सांगतो. म्हणजे सांगायला हवं होतं.

घशाच्या दवाखान्यातल्या प्रोग्रामरने मला एका बैठकीत लिहिलं. त्यातली एक ओळ होती : ‘जागा : इथे जागा लिहा.’ बस्स, पुढे काही नाही. काही वर्षं त्याने स्वतःच ती स्क्रिप्ट चालवून एक्स-रे उतरवले. साहेबांनी माझं कौतुक केलं, “वा! एका पानात काम फत्ते!” मीही फुगलो. मग प्रोग्रामर बढती घेऊन दुसरीकडे गेला आणि मला कोणी उघडेना.

त्याच दवाखान्यात एक आवाजघर होतं. ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज जाणार, ते आधी तिथे बसून बोलून ठेवत. ते आवाज बाहेरच्या एका कंपनीकडे साठवलेले होते. कंपनी बंद व्हायला निघाली आणि सगळे आवाज उतरवायचं काम आवाजघरातल्या ताईवर आलं.

तिने मला दोनदा वाचलं. मग त्या प्रोग्रामरलाच फोन लावला.

“दादा, ते ‘जागा’ म्हणजे काय लिहू?”

“अहो ताई, मराठीतच लिहिलंय ना? का आता मराठीचंही भाषांतर करून देऊ?”

पलीकडे चारजण हसले. ताईने फोन ठेवला. संगणकात जागा कमी पडते, हे तिने कायम ऐकलेलं. तिने लिहिलं : ‘भरपूर’.

स्क्रिप्टला काय कळतंय? तिने ‘भरपूर’ नावाचं फोल्डर केलं, सगळे आवाज त्यात कोंबले आणि पडद्यावर झळकलं : ‘काम पूर्ण.’ पुढे संगणकातल्या नको असलेल्या फाइली काढणारा आला. “हे भरपूर कुणाचं हो?” त्याने दारातूनच विचारलं. आपण लिहिलेल्या शब्दाचं फोल्डर झालंय, हे ताईला ठाऊकच नव्हतं. ते कुणाचंच निघालं नाही. त्याने पुसून टाकलं. तोवर कंपनीला कुलूप लागलं होतं.

मग एक बसचालक आला, गळ्याला रुमाल बांधून. सोबत लेक.

“बाबांचा आवाज न्यायला आलोय,” ती म्हणाली. “माझ्या पोरीने तो ऐकलाच नाही कधी. आजोबा मुकेच जन्मले, असं वाटतं तिला.”

ताईने शोध शोध शोधलं. मग ती रडायलाच लागली. लेक उठली आणि तरातरा बाहेर गेली. बापाने तिला हाक मारली. तोंड उघडलं, मान ताणली, नुसती हवा आली. लेक पाठमोरी चालत राहिली.

प्रोग्रामरला बोलावलं. त्याने माझ्यात दोन वाक्यं घातली : ‘जागा म्हणजे फाइली ज्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, त्याचा पूर्ण पत्ता. किती जागा लागेल, ते इथे लिहू नये.’ चहा निवायच्या आत झालं. इतकंच काम होतं ते! आणि ताईची मात्र बदली झाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी तरी सूचना लिहाल. तुम्हाला सगळं माहीत असेल, म्हणूनच तुम्ही अर्धं गाळाल. लिहून झालं की ज्याला काहीच माहीत नाही, त्याला वाचायला द्या. तो अडला तर हसू नका. तो जिथे अडला, तिथे तुमचं लिहायचं राहिलंय.